हॉप्सवाला

मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुक नाहीतर टार्नीटला, मराठी माणसाकडे जेवायला गेलात आणि पानं घेण्याआधी यजमान म्हणाले, "जरा गॅरेजमध्ये या", तर ओळखा, हा हॉप्सवाला. गॅरेजमध्ये गाडी नसते. ती बाहेर उन्हात तापते, कारण बिअरला अठरा अंश सेल्सिअस लागतं.

खरं तर घरी बिअर करणं सोपं. कूपर्सचा १.७ किलोचा डबा आणायचा, त्यातला माल्टचा पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, पाणी ओतून २३ लिटर करायचं आणि झाकणाखालची यीस्टची पुडी वर भुरभुरायची. हॉप्सचा, म्हणजे हॉप नावाच्या वेलाच्या फुलांचा, कडवटपणा पाकात आधीच असतो. अ‍ॅडलेडच्या थॉमस कूपरने आपली पहिली बिअर आजारी बायकोसाठी टॉनिक म्हणून केली आणि १८६२ मध्ये त्याचा धंदा सुरू झाला, असं सांगतात. हॉप्सवाला ही गोष्ट फार भक्तिभावाने सांगतो. त्याची बायको ठणठणीत आहे.

पण डब्यावरच्या सूचना पाळायच्या म्हणजे इंजिनिअर होऊन काय उपयोग? फ्रीजर उघडा: कॅस्केड, सिट्रा, गॅलेक्सी. हॉप्सच्या जातीजातींच्या हिरव्या गोळ्यांची पाकिटं वरपासून खालपर्यंत. वहिनींचं खवलेलं खोबरं हल्ली शेजारणीच्या फ्रीजरमध्ये असतं.

मग वर्ग सुरू होतो. हॉप्स तासभर उकळले की कडवटपणा उतरतो, वास मात्र वाफेबरोबर जातो. डब्यात कडू आहेच, तेव्हा आपले हॉप्स शेवटची पाचच मिनिटं. "आमटीला वरून फोडणी द्यावी तसं, अहो!" आणि खरी मजा ड्राय हॉपिंगची. आंबणं ओसरलं की गोळ्या पुरचुंडीत बांधून थेट पिंपात सोडायच्या, तीनचार दिवसांनी काढायच्या. वास भरपूर, कडवटपणा जवळपास तेवढाच.

इथवर त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. नुसत्या डब्याची बिअर सपक लागते, आणि पंचवीस ग्रॅम चांगल्या हॉप्सनी तिला जान येते. पण पंचवीसवर थांबेल तो हॉप्सवाला कसला! पुढच्या खेपेला पन्नास, मग शंभर. पुरचुंडी काढायची राहते आणि बिअरला ओल्या गवताचा वास येतो. त्याला तो 'कॅरॅक्टर' म्हणतो. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या साखरा फोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि घाईने भरलेली बाटली मध्यरात्री फुटते. वहिनी दचकून उठतात. हा अंधारातच सांगतो, "गॅलेक्सीची असणार."

मार्चमध्ये आईवडील पुण्याहून आले की लोक त्यांना समुद्र दाखवतात. हा त्यांना गाडीत घालून ओव्हन्सच्या खोऱ्यात नेतो, हॉप्सची तोडणी बघायला. उंच तारांवर चढलेले वेल बघून आई विचारते, "याची भाजी करतात का रे?"

"नाही गं, औषधी आहे."

तेव्हा त्याने ग्लास हातात दिलाच, तर आधी वास घ्या, डोळे मिटा आणि म्हणा, "सिट्रा का?" चुकलं तरी चालतं, तो आनंदाने दुरुस्त करतो. फक्त "छान आहे" एवढंच म्हणू नका. तो दुसरी बाटली उघडतो.