भूदानाचा सरकारी शिरस्ता

प्रति, नवनियुक्त मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

परदेशी पाहुण्यासमोर करारावर सही करायची वेळ आपल्यावर केव्हाही येईल. डगमगू नये. संसदेची आधी मंजुरी घ्यावी, असे घटनेत कुठेही म्हटलेले नाही. १९९४ साली माराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर आपण सही केली ती मंजुरीवाचूनच. देशातले कायदे बदलायचे झाले तर संसद लागते, पण कलम २५३ अन्वये ती राज्यांच्या यादीतल्या विषयातही हात घालू शकते. शिवाय तोवर जगाला शब्द गेलेला असतो. ‘आता माघार कशी घेणार?’ एवढे विचारले की खासदार गप्प बसतात.

जपायचे ते फक्त जमिनीला. तिथे घटना आडवी येते.

१९५८ साली पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी जलपायगुडी जिल्ह्यातली बेरुबारी वाटून घ्यायचे ठरवले. पावणेनऊ चौरस मैलांचा मामला, निम्मा तुम्हाला, निम्मा आम्हाला. बंगालात ओरड झाली आणि राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागवला. सरकारचे म्हणणे असे की, आम्ही देत काहीच नाही, नुसती हद्द नीट करतोय. मार्च १९६० मध्ये आठ न्यायाधीशांचे मत लिहिले ते न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. साताऱ्याच्या माणसाला सातबारा शिकवायला जाऊ नये. देशाची जमीन देता येते, पण त्याला घटनादुरुस्ती लागते, तलाठ्याने परस्पर फेरफार करायचा नाही, असा त्या मताचा मथितार्थ.

मग नववी घटनादुरुस्ती झाली. एवढे करून बेरुबारी जागची हलली नाही. बांगलादेश झाल्यावर १९७४ च्या इंदिरा-मुजीब करारात ती भारताकडेच राहिली आणि छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांची, अदलाबदल ठरली. बांगलादेशाने त्याच वर्षी घटना दुरुस्त केली. आपल्याला ४१ वर्षे लागली. तोवर दहाला खागराबाडी हे भारताचे शेत बांगलादेशाच्या तुकड्यात, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशाच्या पोटात, असे सुखेनैव नांदत होते. त्या शेतातून उरलेल्या भारतात यायचे तर कागदोपत्री चार सरहद्दी ओलांडाव्या लागत. दोन्हीकडच्या छिटमहालांतली पन्नास हजारांवर माणसे नकाशावर एका देशाची आणि पोटापाण्यासाठी दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. यावरून घ्यायचा धडा : काम करायचे नसेल तेव्हा घटनेकडे बोट दाखवावे, ती आड आली म्हणून कोणी सरकारला दोष देत नाही.

काम करायचेच असेल तर कच्छचा दाखला पाहावा. १९६८ मध्ये लवादाने रणातल्या वादग्रस्त भागाचा साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला. मधू लिमये आदी मंडळी कोर्टात गेली. कोर्टाने पुढच्या वर्षी सांगितले, इथली हद्द मुळात ठरलेलीच नव्हती, तेव्हा हा सीमावादाचा निकाल आहे, जमीन देणे नव्हे, दुरुस्तीची गरज नाही. म्हणजे जमीन सोडण्याआधी तिच्यावर वाद आहे ना, याची खातरजमा करून घ्यावी.

कच्चथीवू या २८५ एकरांच्या बेटावर तसा वाद होता. १९७४ मध्ये ते श्रीलंकेकडे गेले, घटनेला धक्काही न लागता. २०१३ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की भारताची कोणतीही जमीन दिलेली नाही. दिल्लीतले सरकार बदलले, पण २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारात उत्तर मिळाले ते तेच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र त्याच सरकारच्या पंतप्रधानांना काँग्रेसने ते बेट देऊन टाकल्याचे आढळले.

सबब या विषयाच्या दोन फायली ठेवाव्यात. न्यायालयासाठी ‘ते आपले नव्हतेच’ आणि प्रचारसभेसाठी ‘आपले होते, त्यांनी घालवले’. दोन्ही एका कपाटात ठेवू नयेत. त्यांच्या अदलाबदलीला घटनादुरुस्ती लागत नाही, पेंगुळलेला एक शिपाई पुरतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अवर सचिव