जाऊ का आणि जाऊन येते

गुरुवार होता, म्हणजे नळाला पाणी नव्हतं, म्हणजे काकू भिंतीपाशी होत्या. सहकारनगरातल्या आमच्या दोन घरांमधली ही कंपाउंडची भिंत कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली आहे, गप्पांच्या मापानं बांधल्यासारखी. पलीकडून काकूंचा कढीपत्ता आमच्याकडे वाकतो, आमची जास्वंद त्यांच्याकडे. कुणी कुणाचं किती तोडलं, हा हिशेब पंधरा वर्षांत झालेला नाही.

"ऐकलंस का?" काकूंनी आवाज खाली घेतला. त्यांनी आवाज खाली घेतला की समजावं, बातमी निदान चार घरं फिरून आलेली आहे.

"काय झालं?"

"ती पांढऱ्या गाडीवाली गं, समोरच्या सोसायटीतली. रोज सात-सव्वासातला येते, गुलमोहराखाली गाडी लावते आणि उतरतच नाही. वीस-वीस मिनिटं. काचा वर. आधी मला वाटलं फोनवर असेल, पण ओठ हलत नव्हते. गच्चीवरून पाहिलं ना मी."

काकूंना पेपर वाचायला चष्मा लागतो, पण गच्चीवरून ओठ दिसतात.

यावर गल्लीत बरंच विचारमंथन होऊन गेलं होतं म्हणे. कोपऱ्यावरच्या वहिनींचं मत पडलं की नोकरी गेली असणार आणि घरी सांगितलं नसणार. इस्त्रीवाला म्हणाला, नवराबायकोचं बिनसलंय. काका म्हणाले, गाडीचं दार अडकत असेल.

"मग मीच गेले काल," काकू म्हणाल्या. "कढीपत्त्याची डहाळी घेतली हातात, काहीतरी कारण नको का? काचेवर टकटक केलं. तर काय सांगू! सीट मागे पाडलेली, चपला काढलेल्या, एक पाय वर घेतलेला आणि मांडीवर भेळेचा पुडा. घास नव्हती घेत गं. एकेक कुरमुरा उचलून तोंडात टाकत होती. मधे शेंगदाणा लागला की जरा थांबायची. मला बघून दचकलीच बिचारी. म्हणाली, काकू, हिंजवडीहून इथवर यायला दीड तास लागतो. वर गेले की दोघं पोरं एकदम अंगावर येतात. तेवढं हे खाते आणि जाते. कुणाला सांगू नका हं."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला कुणाला सांगतेय? तुला म्हणून."

मी हसले खरी, पण फार वेळ नाही. तिच्याकडे निदान गाडी होती. माझी जागा बाथरूम. आतून कडी लावायची, बादलीत नळ सोडायचा म्हणजे बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चालली आहे, आणि दुसऱ्या पालथ्या बादलीवर बसून मोबाईलवर कुणाचीतरी साबुदाणा वड्याची कृती बघायची, जी मी कधी करणार नाही. सात मिनिटांनी दाराखालून चार बोटं आत येतात: "आई, तू काय करतेयस?" आणि गुरुवारी तेही बंद, कारण नळच नाही.

काकूंना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या डोक्याकडेच पाहिलं. "केसांची केरसुणी झालीय तुझ्या. शेवटचं तेल कधी लावलंस?"

आठवायला गेले आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. शेवटचं तेल मी लावलेलंच नव्हतं, ते लागलं होतं. धाकट्याच्या बाळंतपणात. त्याला आता सहा वर्षं होतील.

तो सव्वा महिना म्हणजे राणीचा कारभार होता. सकाळी मालीशवाल्या मावशी यायच्या. आधी बाळाचं अंग, मग माझं. तळहातावर कोमट तेल घेऊन टाळूवर थापायच्या, तसं ते कानामागून मानेवर उतरायचं. मग कडकडीत पाणी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, खाटेखाली शेगडी, डोक्याला फडकं. खायला डिंकाचे लाडू, आळिवाची खीर. कुणी म्हणायचं नाही की उठ, चहा टाक. उलट पाणी प्यायला उठले तरी आई ओरडायची. सव्वा महिना सरला, मावशींचा हिशेब झाला, साडी दिली, आणि त्या दिवसानंतर घरातल्या कुणालाही माझ्या टाळूची आठवण झाली नाही. आपल्याकडे बाईचे लाड होतात ते बाळाच्या खात्यातून. बाळ मोठं झालं की खातं बंद.

"नवऱ्यानं वाढदिवसाला स्पाचं व्हाउचर दिलं होतं की तुला," काकूंना सगळं आठवतं.

"दिलं ना. मुदत संपून गेली. व्हाउचर दिलं, पण पोरांना बघायला तीन तास कोण देणार ते त्यात लिहिलेलं नव्हतं."

खरं तर तो वाईट नाही. डबे भरतो, शाळेच्या बसला सोडतो. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. सकाळी बूट घालतो आणि दारातून म्हणतो, "तळजाईला जाऊन येतो." झालं. मी जायचं असलं की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणते, "मी जरा जाऊ का?" त्यावर तो अगदी मनापासून "जा की!" म्हणतो. म्हणजे अडवत कुणीच नाही. परवानगी मीच मागते, त्याला बिचाऱ्याला द्यावी लागते. वर मी आधी कुकर लावलेला असतो, पोरांचे गृहपाठ घेतलेले असतात, कपडे वाळत घातलेले असतात. एवढी तयारी तर लोक काशीयात्रेला करत नसतील.

मी काकूंना पेपरातलं सांगितलं. सरकार माणसांचा दिवस कुठे जातो याची पाहणी करतं. 2024 सालच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची 289 मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88.

"करणाऱ्या पुरुषांची? आणि न करणाऱ्यांची?"

"ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत."

"मग आमचे हे त्यात नाहीत," काकू समाधानानं म्हणाल्या.

2019 साली हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं सुटली आणि पुरुषांची नऊ. काकूंनी बोटांवर वजाबाकी करून पाहिली आणि विचारलं, "त्या दहा मिनिटांचं बायकांनी काय केलं ते लिहिलंय का?" मी म्हटलं, गाडीत भेळ खाल्ली असेल.

मग काकू भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहिल्या. हे दुसऱ्या अंकाचं लक्षण.

"तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी हे असलं काही म्हणायची सोयच नव्हती, की मला माझा वेळ पाहिजे. सदाशिवात वाड्यात दोन खोल्या, माणसं नऊ, नळ सगळ्यांत एक. पण निमित्तं भरपूर होती. श्रावणात कुणाची तरी मंगळागौर, की रात्रभर फुगड्या. आश्विनात भोंडला, पाटावर हत्ती काढला की दोन तास घरच्यांची बिशाद नव्हती हाक मारायची. चैत्रात हळदीकुंकू. देवाच्या नावावर काढलेल्या सुट्ट्याच गं त्या. आणि माझा गुरुवार."

"गुरुवार काय?"

"दर गुरुवारी संध्याकाळी मी बुधवार पेठेतल्या दत्ताला जायची. घरी तसं सांगून. वडी, फुलं, सगळं घेऊन. पहिले दोन गुरुवार खरंच गेले. पण काय गर्दी, काय रेटारेटी! घरातही माणसं आणि तिथेही माणसं. तिसऱ्या गुरुवारी माझे पाय आपोआप उलट्या दिशेला वळले. पर्वतीवर गेले. एकशेतीन पायऱ्या, एकटी चढले. वर जाऊन तटापाशी बसले आणि ती वडी मीच खाल्ली. खाली सगळं पुणं, त्यात आमचा वाडा कुठे ते शोधायचे. दिसायचा नाही, तेच बरं वाटायचं."

"किती वर्षं?"

"अकरा."

अकरा वर्षं! मला सात मिनिटांचा अपराध पेलत नाही.

"सासूबाईंना कळलं नाही कधी?"

काकू जरा थांबल्या. त्यांनी जास्वंदीचं पिकलेलं पान तोडून टाकलं, आमच्या बाजूला.

"त्या सेवासदनात शिवण शिकायला जायच्या, तरुणपणी. रमाबाई रानड्यांनी 1909 साली काढलेली ना ती संस्था. रमाबाई स्वतः इंग्रजी शिकत होत्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना किती बोलून घेतलं, ते त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. पण नंतरच्या पोरींना 'शिवणाला जाते' हे सांगता आलं, त्याला कोण नाही म्हणणार? सासूबाई दोन वर्षं गेल्या. आणि तुला सांगते, त्यांना साधं झबलं कधी धड शिवता आलं नाही. बटणं माझ्याकडून लावून घ्यायच्या. मला तेव्हाच समजायला हवं होतं."

"काय समजायला हवं होतं?"

"एका गुरुवारी आभाळ भरून आलं होतं. मी तबक घेऊन निघाले. 'दत्ताला जाऊन येते' म्हटलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, छत्री घेऊन जा, तटापाशी आडोसा नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात आमच्या घरातून हाक आली. "आऽऽई! दादानं माझा पट्टा घेतला!" पाठोपाठ दाराचा आवाज, मग पायांचे.

काय झालं कोण जाणे, मी खालीच बसले. भिंतीच्या आडोशाला, तुळशीच्या कुंडीजवळ, गुडघे पोटाशी घेऊन. डोक्यावर काकूंचा कढीपत्ता. मातीला काल रात्रीच्या पावसाचा वास होता. वरून काकूंचा हात आला आणि टाळूवर पडला. खडबडीत, गरम हात. अंगठ्यानं त्यांनी भांगापासून मागे एकदा जोरात चोळलं, कोरडंच.

"आई कुठेय?" धाकट्यानं ओट्यावरून विचारलं.

"आई ना?" काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, आवाज अजिबात खाली न घेता. "ती पर्वतीला गेलीये. येईल अर्ध्या तासानं. तोवर पट्टा बाबाला माग."