आम्हाला कंटेनर करा

उरण तालुक्यात मोर्चांना तोटा नाही आणि मागण्याही सगळ्यांना तोंडपाठ: भूखंड द्या, पोरांना कामावर घ्या, भरपाई द्या. चाळीस वर्षं मागून झालं. आता एकच मागणी करावी, असं आम्ही सुचवतो. प्रकल्पग्रस्तांना कंटेनरचा दर्जा द्या.

हसू नका. न्हावा शेवा बंदरात कंटेनरचे लाड कसे चालतात ते आधी ऐका. उचलायला कोट्यवधींच्या क्रेन, प्रत्येकाला स्वतःचा नंबर, आणि २०१६ पासून अंगावर आरएफआयडी टॅग. शांघायहून आलेली खेळण्यांची पेटी कुठे अडकली ते दिल्लीतल्या साहेबाला पडद्यावर दिसतं. शेव्याचा म्हातारा कोणत्या हापिसाच्या बाकावर सकाळपासून बसलाय, ते आतल्या शिपायालाही दिसत नाही. माल नासणारा असेल तर रीफर कंटेनर: उतरल्या उतरल्या पिन प्लगमध्ये, उणे १८ अंश, चोवीस तास वीज. समोर पाण्यापलीकडे घारापुरी. तिथली लेणी बघायला जग लोटतं, पण गावाला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. बंदर सुरू झालं मे १९८९ मध्ये. मधली सगळी वर्षं घारापुरीच्या मोराबंदरची पोरं जनरेटर चालेल तेवढेच तास अभ्यास करत होती आणि समोर गोठलेला माल झगमगाटात आराम करत होता. चूक पोरांचीच. गोठून यायचं होतं.

पण कंटेनरचं खरं वैभव म्हणजे डॅमरेज. फुकटचे दिवस संपले आणि पेटी हलली नाही की मीटर सुरू; जितका उशीर, तितका चढा दर. क्लिअरिंग एजंटची झोप उडते. माल थांबला तर कुणाचं तरी नुकसान होतं आणि ते कुणीतरी भरायचं असतं, हे बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हाच नियम साडेबारा टक्क्यांच्या फायलीला लावून बघा. १६ आणि १७ जानेवारी १९८४. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या हाकेला ओ देऊन जमिनी घेण्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, दास्तान फाटा आणि पागोट्याला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून तत्त्व निघालं, की घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून परत द्यायची. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाती त्याचं इरादापत्र पडलं १६ ऑगस्ट २०१४ ला, आणि तेही थेट पंतप्रधानांच्या हस्ते. पत्रात भूखंड देण्याचा इरादा होता. भूखंड नव्हता. तीस वर्षांचं डॅमरेज काढा बरं, चढत्या दरानं.

धक्क्यावर आज दुबई आहे, सिंगापूर आहे, डेन्मार्क आहे. बंदर स्वतः चालवत होतं ते कंटेनर टर्मिनलही २०२२ मध्ये खासगी हातात गेलं. पाहुण्यांशी करार साधारण ३० वर्षांचे. शेतकऱ्याची जमीन घेताना मात्र मुदत टाकायचं राहूनच गेलं.

शेवा कोळीवाडा तर बंदराच्या पोटातच गेला. तिथल्या २५६ कुटुंबांना उरणजवळ बोरीपाखाडीत आणून बसवलं आणि नाव दिलं हनुमान कोळीवाडा. जागा निघाली वाळवीची. दाराच्या चौकटीवर वरून ऑइलपेंट शाबूत असतो. चावीनं टोकरलं की आतून भुसा गळतो. लाकूड संपलं की वाळवी कपाटातल्या कागदांकडे वळते. एकीकडे पुरावे मागणारं सरकार, दुसरीकडे पुरावे खाणारी वाळवी. दोघांत इतका सुंदर समन्वय आम्ही कुठल्याच खात्यात पाहिला नाही. पुनर्वसनाचं पुनर्वसन करा म्हणत हे लोक अर्जामागून अर्ज करत आले. अर्जांना उत्तर येईना, तेव्हा त्यांनी होड्या घालून जहाजांचा रस्ता अडवला. अशा वेळी बैठका झटपट लागतात. जहाज उभं राहिलं तर पैसे लागतात ना!

खाडीचंही तेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांना सांगितलं, की भरावानं आणि कांदळवनं तोडल्यानं ज्यांची मासेमारी गेली त्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्या. म्हणजे कुटुंबामागे पावणेसहा लाखांच्या थोडे वर. निवट्या, चिंबोऱ्या, जिताडा, सगळं त्यात आलं. मग अर्थातच अपील आलं. एवढ्या पैशात आमच्याकडच्या हळदीच्या मांडवासमोर उभी राहते तशी गाडीसुद्धा येत नाही.

गाडीचा विषय निघालाच आहे, तर आमच्याही खरुजेवर बोट ठेवू. ज्यांच्या हाती काही पैसा पडला त्यांनी तीन मजले चढवले, खाली गाळे काढले, हळदीला डीजे लावला. वरच्या मजल्यावर झुंबर आणि थोरला सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर गोदामाच्या, गेटवर ठेकेदाराकडे बारा तास उभा. जमीन गेली, हप्ता आला. पण मुंबई-पुण्याच्या वाचकांनी लगेच नाकं मुरडू नयेत. तुमच्या दिवाणखान्यातला इटालियन मार्बल आणि भिंतीएवढा टीव्ही याच चिखलावरून गेला असणार.

आणि तुमच्यासाठी पूलही झाला. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा शेवा अटल सेतूचं उद्घाटन झालं, लांबी २१.८ किलोमीटर, मोटारीला एका खेपेचा टोल तेव्हा २५० रुपये. दुचाकी आणि रिक्षांना बंदी. मासळीची पाटी घेऊन रिक्षात बसलेल्या कोळणीला तो लांबून बघता येतो. तिनं उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच धरावी, ओहोटी नसली तर.

आता न्हावा शेवा बंदराचं प्राधिकरण पालघर जिल्ह्यात वाढवणला नवं बंदर बांधायला निघालं आहे. त्यासाठीच्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा प्राधिकरणाचा, खर्च ७६ हजार कोटींच्या वर, भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला उरकलं. वाढवण, वरोर, डहाणूच्या बंधुभगिनींनो, मोबदल्याच्या कागदावर सही करण्याआधी एकदा बोरीपाखाडीला येऊन जा. एखाद्या घरी चहा घ्या, चौकटीला चावी लावून बघा. आणि रकमेला किंवा जागेला उशीर झाला तर दर दिवसाचं डॅमरेज, तेही चढत्या दरानं, एवढं एक कलम लिहून घेतल्याशिवाय पेन उचलू नका.