स्ट्राँगरूमच्या कुलपास अनावृत पत्र

प्रति,
मा. कुलूपसाहेब,
स्ट्राँगरूम, गोंदिया



कुलूपसाहेब, मध्यंतरी राज्यात आपल्याइतका भाव कुणालाच नव्हता. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचे मतदान झाले. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळे निकाल एकदम २१ तारखेला लावायला सांगितले. तेवढे दिवस अवघ्या राजकारणाचे डोळे आपल्यावर खिळले होते. सील शाबूत, कॅमेरा चालू, दारात पोलीस, म्हणजे लोकशाही सुखरूप, असे ठरूनच गेले. आम्हा मुर्री गावच्या मतदारांना आपल्याबद्दल तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती आपण उघडल्यानंतरच्या तासाभराची. तेव्हा आपण खुंटीला लटकलेले असता आणि सगळा कारभार एका बॉलपेनच्या हाती जातो.

आमच्या ग्रामपंचायतीचेच पाहा. तिची मोजणी गावात होत नाही, तालुक्याला होते. सरपंच थेट निवडायचा, शिवाय प्रभागातले सदस्यही. म्हणजे एकाच मतदाराची अनेक मते. टेबलावर निकालाचे बटण दाबले की यंत्र एकेका उमेदवाराचा आकडा दाखवते, कर्मचारी तो कागदावर उतरवतो आणि सगळ्या प्रभागांची बेरीज होऊन सरपंच ठरतो. यंत्र मोजते खरे, पण निकाल लागतो तो उतरवलेल्या कागदावरून. लोकसभेला मुर्रीच्या मतदाराला व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद तरी दिसते. सरपंच निवडताना तीही नाही. त्यामुळे पडताळायला उरतो तो हाच कागद, आणि नेमका त्यालाच कुलूप नाही, पहारा नाही, कॅमेऱ्यासमोर मिरवणे नाही.

बॉलपेन चुकते याचा पुरावा हरियाणाने दिला आहे. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात २०२२ मध्ये सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्रावरच्या मतांच्या नोंदीत घोळ झाला आणि हरलेला उमेदवार विजयी ठरला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून आपल्या आवारात फेरमोजणी करून घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल फिरला, फरक निघाला ५१ मतांचा. यंत्रातला आकडा पहिल्यापासून बरोबरच होता. तोवर पाच वर्षांच्या मुदतीतली जवळपास तीन वर्षे दुसऱ्यानेच कारभार केला होता.

म्हणून तो कागद गावात उघडपणे लावा, असे आम्ही म्हणतो. यावर आपले चाहते म्हणतील, उमेदवारांचे प्रतिनिधी टेबलाशी बसतात की! बसतात, पण पडद्यावर क्षणभर झळकलेला आकडा गर्दीत, घाईत टिपून घेणे म्हणजे देखरेख नव्हे. दुसरे म्हणतील, कायदा आहे. निकालानंतर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. येतो, पण हातात सरपंचाच्या मतांचा प्रभागनिहाय कागदच नसेल तर अर्जात लिहायचे काय? संशय हा काही पुरावा नव्हे. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: केंद्रनिहाय आकडे लावले तर कोणत्या वस्तीने कुणाला पाडले हे कळेल आणि सूड उगवला जाईल. पण सदस्य प्रभागवारच निवडून येतात, त्यांचे आकडे आजही जाहीर होतात. लपवण्याजोगे फारसे उरतेच कुठे? उरली भीती ती एकाच प्रभागात दोन केंद्रे असतील तिथली. तिथे प्रभागाची एकत्र बेरीज लावावी.

उघड्यावर दिसलेली चूक निवडणूक यंत्रणेला निस्तरावीच लागते, हे भंडारा-गोंदियाने २०१८ च्या पोटनिवडणुकीत पाहिले आहे. यंत्रे मतदारांच्या डोळ्यांदेखत बंद पडली, म्हणूनच बोंब झाली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. कागदावरची चूक अशी बोंब मारत नाही. म्हणून राज्य निवडणूक आयोगाकडे आमचा अर्ज एवढाच आहे, आणि तो आपल्यामार्फत, कारण आपले वजन जास्त: झालेले मतदान, यंत्रातला आकडा आणि कागदावरचा आकडा अशा तीन रकान्यांचा तक्ता, सह्यांसह, निकालाच्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. एका पानाचा झेरॉक्सचा खर्च आयोगाला झेपत नसेल, तर मुर्रीत वर्गणी काढू.

आपला,
मुर्रीचा एक मतदार