खारं वारं बदनाम

मीठ हा फार सोयीचा आरोपी आहे. समुद्राकाठचं झाड वाळलं की चौकशी दोन मिनिटांत आटोपते: खारं वारं लागलं. मीठ वकील देत नाही, अपिलात जात नाही. फाइल बंद.

सिडनीजवळच्या मॅन्ली किनाऱ्याची शान म्हणजे नॉरफोक आयलंड पाइनच्या रांगा. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मजल्यामजल्यांचं जे सरळसोट झाड लावतात, तेच हे. १९६० आणि ७० च्या दशकांत ही झाडं झुरू लागली. समुद्राकडच्या फांद्या तपकिरी पडल्या, शेंडे गेले, पुष्कळशी झाडं मेली. मिठावर ठपका ठेवायला अडचण एकच होती. हे झाड मूळचं पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावरचं. कॅप्टन कुकला ते १७७४ मध्ये तिथे दिसलं, तेव्हा त्याला त्यात जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या. लाकूड त्या कामाचं निघालं नाही, ते सोडा. पण पिढ्यान् पिढ्या चहूबाजूंनी खारा मारा खाल्लेली ही जात मॅन्लीला येऊनच एवढी नाजूक कशी झाली?

उत्तर कड्याखाली होतं. सिडनीचं मैलापाणी तेव्हा किनाऱ्याच्या कड्यांपाशीच समुद्रात सोडलं जात असे, आणि त्यात घरोघरच्या धुण्याचं पाणीही होतं. ७० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी धागा जुळवला. पानात मीठ शिरत होतं हे खरंच. पण त्याला आत घेणारा दुसराच होता. चोर बाहेरचा, कडी काढणारा घरातला. या घरभेद्याचं नाव सर्फॅक्टंट. साबणाच्या पावडरीत, शाम्पूत, भांड्यांच्या लिक्विडमध्ये मळ सोडवणारा मुख्य घटक तो हाच.

पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि श्वासाची बारीक रंध्रं असतात. पाण्याचा पृष्ठताण जास्त, म्हणून साधा थेंब पानावर गोळा होऊन बसतो किंवा घरंगळतो. त्या रंध्रांत त्याला सहसा शिरता येत नाही. सर्फॅक्टंट मिसळला की पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो. थेंब पसरतो, चिकटतो, आत झिरपतो. वर मेणाच्या थराचीही नासाडी होते. मिठातलं क्लोराइड थेट पेशींपर्यंत पोचतं आणि पान करपतं.

आता कुठल्याही पावडरीची जाहिरात आठवा. धाग्याधाग्यांत शिरणं, खोलवर जाणं, चिकट थर उतरवणं. याला आपण जाहिरात समजतो. तो कबुलीजबाब आहे. पावडर गटारात पोचल्यावर आपला स्वभाव बदलेल अशी अपेक्षा आपण का ठेवावी? शर्टावर जे करते तेच ती झाडावर करते. फक्त तिथे आपण कॉलर तपासायला जात नाही.

पण समुद्रात गेलेला साबण झाडावर चढतो कसा? इथे समुद्राची मेहनत आहे. सर्फॅक्टंटला पाण्याच्या पृष्ठभागाची भारी हौस. तो तिथेच गर्दी करतो. लाट फुटली की बुडबुडे होतात, त्यांच्या कातडीवर हा चिकटतो. बुडबुडा फुटला की सूक्ष्म तुषार उडतात, आणि त्यांत त्याचं प्रमाण खालच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. पुढचं काम वारा करतो. समुद्राकडची बाजू करपलेली आणि जमिनीकडची हिरवी, अशी झाडं दिसतात ती यामुळे.

पिसाचा मनोरा कलला म्हणून जगभर हळहळ झाली. त्याच पिसाजवळ, आर्नो नदीच्या मुखाशी, सान रोस्सोरेचं जंगल आहे. आधी राजाचं, मग राष्ट्राध्यक्षांचं. तिथले छत्रीच्या आकाराचे पाइन किनाऱ्याच्या बाजूने मरत गेले, त्याचे सेल्फी कोणी काढले नाहीत. आर्नो फ्लोरेन्सची धुणी आणि प्रातोच्या लोकर गिरण्यांचं पाणी घेऊन येते. इटालियन संशोधकांनी सर्फॅक्टंट समुद्राच्या पाण्यात शोधले, तुषारांत शोधले, सुयांसारख्या पानांवर शोधले. सापडले.

आपलं काय? आळंदीला इंद्रायणी फेसाळली की निदान फोटो छापून येतो, कारण नदीला फेस शोभत नाही. समुद्राला फेस हा जन्मसिद्ध हक्क असल्याने तिथे साबणाला रान मोकळं. २०१९ च्या डिसेंबरात चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर दिवसेंदिवस पांढऱ्या फेसाचे ढीग साचले, तेव्हा पोरं त्यात खेळत होती आणि मोठी माणसं फोटो काढत होती. बर्फात खेळायला हिमालय परवडत नाही, त्याला इलाज काय!

फेसाची हौस जुनीच. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, कारण तेव्हाचा सर्फॅक्टंट जिवाणूंना पचत नव्हता. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, कंपन्यांनी रेणूची फांद्याफांद्यांची शेपटी सरळ केली आणि तो पचू लागला. पण पचनाला वेळ आणि प्राणवायू लागतो, म्हणजे शुद्धीकरण केंद्र लागतं. नाल्यातून तडक खाडीत उडी मारणाऱ्या पाण्याला पाकिटावरचं ‘बायोडिग्रेडेबल’ वाचायला सवड नसते. सिडनीने १९९०-९१ मध्ये मैलापाणी दोन ते चार किलोमीटर आत, खोल समुद्रात नेलं आणि किनारे सुधारले. मुंबईही वरळी-वांद्र्याहून समुद्राखालच्या बोगद्यांनी तीनेक किलोमीटर आत सोडते. बोगद्यापर्यंत न पोचता नाल्यांनी परस्पर जाणारं पाणी मात्र किनाऱ्याशीच घुटमळतं.

सुरूचं बन वाळतं तेव्हा मीठ दोषी असेलही, कीड असेल, धूप असेल. पण साबणाला निदान ओळखपरेडीला उभा करा. परीक्षा अवघड नाही. समुद्राकडची पानं धुवायची, त्या पाण्यात मेथिलीन ब्लू आणि क्लोरोफॉर्म घालून हलवायचं. साबण जितका जास्त तितका क्लोरोफॉर्मचा थर निळा. पिण्याच्या पाण्याची हीच परीक्षा होते आणि भारतीय मानक लिटरला ०.२ मिलिग्रॅमची रेघ आखतं. पांढऱ्या कपड्यांना नीळ आपण हौसेने देतो. थोडी नीळ पांढऱ्या कपड्यांचं पाप मोजायलाही खर्च करू.