झिजेचा जकातमाफ महिमा

किमान 12 महिने ब्रिटनबाहेर राहिलेल्या मनुष्याने स्थलांतरापूर्वी निदान 6 महिने ज्या वस्तू स्वतः बाळगून वापरल्या असतील, त्या त्यास बिनजकात नेता याव्यात आणि पुढील 12 महिने खात्यास कळविल्यावाचून त्या विकता वा भाड्याने देता येऊ नयेत, हा ब्रिटिश जकात खात्याचा दंडक पाहता, जीर्णतेचा एवढा सन्मान आपल्या पुराणवस्तुसंग्रहालयांनीही केला नसेल, असे आम्हांस नम्रपणे वाटते. पुण्याहून लंडनास निघालेल्या आमच्या चिरंजीवांच्या फर्दीत म्हणूनच बुडाला पोचा आलेला कुकर अग्रमानाने विराजमान झाला; उलट, आत्याबाईंनी आहेरात दिलेली कोरी पितळी परात संशयित ठरून, तिला 6 महिने रोज कणीक तिंबून घेण्याची सक्तमजुरी फर्मावण्यात आली. आमची तर सरकारचरणी अर्जी आहे की, प्रत्येक चमच्याच्या झिजेचा दोन पंचांसमक्ष पंचनामा व्हावा आणि हळदीच्या डागास दस्तऐवजाचा दर्जा मिळावा. केवळ सत्यकथनाच्या प्रतिज्ञेखाली सही करताना चिरंजीव क्षणभर थबकले, आणि 20 वर्षे देव्हाऱ्यात रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवलेली घरची ज्ञानेश्वरी त्यांनी ‘न वापरलेल्या वस्तू’ या सदरात मांडली.