एका कज्ज्याची कैफियत

शिकागो,
नोव्हेंबर 2024

तीर्थस्वरूप अण्णांस, बालकाचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथील सर्व मंडळी आपल्या आशीर्वादाने कुशल आहेत; अकुशल काही असेल तर इतकेच, की गेल्या ऑगस्टपासून आमच्या घरात एक कज्जा उभा राहिला असून, खालापूरच्या कचेरीत अव्वल कारकुनी केलेल्या आणि कर्जतच्या कबड्डी सामन्यांत उभी हयात पंचाची शिट्टी वाजवलेल्या आपणासारख्या अधिकारी पुरुषावाचून त्याचा निकाल लागण्याची चिन्हे दिसत नाहीत. वादी आपले नातू, प्रतिवादी आपल्या सूनबाई, आणि तंट्याचा विषय अमेरिकन फुटबॉल, ज्यातला चेंडू गोल नसतो व ज्यात पायाचा आणि चेंडूचा संबंध प्रसंगोपात्तच येतो. मुद्दा एकच: थोर कोण, अष्टपैलू रनिंग बॅक की नुसता रिटर्नर?

शंभर वार लांबीच्या मैदानावर दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकावे, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावा, ही मूळ वहिवाट. यातला रनिंग बॅक म्हणजे आपला चढाईचा गडी, मात्र याच्यापुढे वाट मोकळी करीत साथीदारही धावतात. आणि अष्टपैलू रनिंग बॅक तो, जो चेंडू पोटाशी धरून गर्दीत तर शिरतोच, पण फेकलेला झेलतो, प्रसंगी स्वतः फेकतो आणि उरलेल्या वेळी दुसऱ्यांसाठी धक्केही खातो. रिटर्नरची नेमणूक मात्र एकाच कलमाखाली असते: प्रतिपक्षाने लाथाडून दिलेला चेंडू झेलायचा आणि त्यांच्याच अंगावर परत न्यायचा.

हे कलम दिसते तितके सोपे नव्हे. चेंडू चारेक सेकंद आभाळात असतो, हा त्याच्याखाली मान वर करून उभा, आणि समोरून धटिंगणांची झुंड येत आहे हे त्याला पाहण्याची सोय नसते, पावले तेवढी ऐकू येतात. अशा घटकेस कायद्याने त्याला एक सवलत ठेवली आहे. त्याने हात डोक्यावर उंच धरून हलवला की त्यास कोणी स्पर्श करावयाचा नाही, मोबदल्यात त्यानेही पुढे धावावयाचे नाही. 1661 साली उंबरखिंडीत मराठ्यांनी कोंडलेल्या कारतलबखानाने अभय मागून वाट कशी काढून घेतली, हे आपण दर फेब्रुवारीत आम्हा पोरांना ऐकवीत असा, त्याचे मला येथे हटकून स्मरण होते. फरक इतकाच की खानास सामानसुमान टाकून जावे लागले, आणि याला चेंडू ठेवून घेता येतो.

वादीचा पुरुष डेव्हिन हेस्टर, शिकागो बेअर्स संघाचा रिटर्नर. 4 फेब्रुवारी 2007 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, पहिलीच लाथ (किकऑफ) झेलून तो 92 वार धावला आणि थेट टचडाउन करून, म्हणजे प्रतिपक्षाची शेवटची रेघ ओलांडूनच, थांबला. त्यानंतर प्रतिपक्षाच्या कोल्ट्सवाल्यांनी चेंडू शक्यतो त्याच्या वाटेलाच जाऊ दिला नाही. परतवणीवर 20 टचडाउन हा त्याचा विक्रम असून, प्रामुख्याने या एकाच कामाच्या बळावर हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला खेळाडू. तो मान त्याला गेल्या ऑगस्टात मिळाला आणि त्याच दिवशी आमच्या घरातील शांततेचा भंग झाला. सूनबाईंचा जबाब एका वाक्याचा आहे: "तो सामना शेवटी 29-17 असा हरलेच ना?"

त्यांचा पुरुष गेल सेयर्स, बेअर्सचाच, पण अष्टपैलू रनिंग बॅक. त्याची महती शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी त्यांना चहाच्या बैठकीत पढविली, आणि एरवी माझ्या कोणत्याही विधानास पुरावा मागणाऱ्या या बाईंनी ती बिनशर्त मान्य केली. 1965 साली, पहिल्याच मोसमात, त्याने 22 टचडाउन केले. पैकी सहा 12 डिसेंबरच्या एकाच सामन्यात, चिखलाने भरलेल्या रिगली फील्डवर, आणि त्यांतील शेवटचे पंट, म्हणजे हातातून सोडून लाथाडलेला चेंडू, परतवून 85 वारांचे. इतरांचे पाय जेथे रुतत होते तेथे हा जणू फरसबंदीवरून चालला होता. किकऑफ परतवण्याची त्याची कारकिर्दीची सरासरी 30.56 वार, आजही अजिंक्य.

माझा कल, अण्णा, सेयर्सकडे आहे, पण त्यास एक शल्य जोडलेले आहे. 1968 साली त्याचा एक गुडघा निकामी झाला, तरी 1969 साली तो साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त वार धावला, आणि 1970 साली दुसराही गुडघा गेला. अवघ्या 68 सामन्यांत खेळ खलास. सर्व खात्यांचा कारभार एकाच शरीरावर सोपवला की दप्तर लवकर बंद होते, हे ओळखूनच पुढे संघांनी परतवणीचे काम निराळ्या इसमाकडे दिले असावे. म्हणजे हेस्टर ज्या गादीवर बसला ती काही अंशी सेयर्सच्या गुडघ्यांनी रिकामी करून दिली, असे माझे मत आहे. याच संघाच्या वॉल्टर पेटनने पहिल्या वर्षी परतवणी केली, पुढे ती बहुतांशी सोडली, आणि तेरा मोसमांत एकच सामना चुकवून 16,726 वार धावून दाखवले. पण त्याचे नाव काढताच उभय पक्ष एक होऊन मजवर तुटून पडतात, सबब ते मिसलीत दाखल केलेले नाही.

यंदा किकऑफचा कायदाही बदलला आहे. लाथ मारणारा सोडून दोन्हीकडचे बहुतेक गडी समोरासमोर जवळ उभे राहतात, आणि चेंडू जमिनीला वा परतवणाऱ्याच्या हाताला लागेपर्यंत त्यांनी जागचे हलावयाचे नाही. मरू घातलेली परतवणी यामुळे पुन्हा जिवंत होईल असा वादीचा युक्तिवाद आहे, आणि तो ते जेवताना, शाळेला जाताना व स्नानगृहाच्या बंद दारातूनही मांडत असतात.

तरी उभय पक्षांचे म्हणणे ध्यानी घेऊन आपण सही-शिक्क्यानिशी निवाडा द्यावा. हरणाऱ्याने कर्जत स्टेशनावर उतरताच साऱ्या मंडळींस दिवाडकरांचे वडे खिलवावेत, असे ठरले आहे. निकाल पत्रानेच कळवावा, फोनवर नको, कारण फोन प्रथम वादीच उचलतात. आमची तिकिटे मेची निघाली आहेत, तेव्हा एप्रिलअखेर उत्तर यावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक पुतण्या